आई रडली नाही, म्हणून

एखादी बातमी गाजू लागली की तिच्यातल्या माणसांचे चेहरे मोबाइलवर फिरू लागतात. व्हिडिओ मध्येच थांबवलेला, भुवईभोवती लाल गोल, आणि मागून आवाज: बघा, इथे ओठ आवळले, इथे नजर खाली गेली, बाई खोटं बोलतेय. जिच्याबद्दल हे चाललंय तिच्या घरात सुतक असतं. बोलणारा छातीठोक. मला याचा संताप येतो. चेहऱ्यावरून खोटं ओळखता येतं हा समज चुकीचा आहे आणि तो माणसांना तुरुंगात धाडतो.

लिंडी चेंबरलेनचं काय झालं ते बघा. 17 ऑगस्ट 1980. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध उलुरू नावाचा तांबडा, अजस्र खडक आहे. तेव्हा त्याला एअर्स रॉक म्हणत. त्याच्या पायथ्याशी तंबू ठोकून उतरलेल्या या कुटुंबाची नऊ आठवड्यांची मुलगी, अझारिया, रात्री तंबूतून नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, बाळ नेलं असं आई पहिल्या क्षणापासून ओरडून सांगत होती. पहिल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, तिचं म्हणणं मान्यही केलं. पण टीव्हीवर ती रडली नाही. सरळ बसून, स्थिर आवाजात तपशील सांगत राहिली. लोकांनी ठरवलं, पोटचं लेकरू गेलेली बाई अशी दिसत नाही. तिच्या कपड्यांची चर्चा झाली, तिच्या पंथाबद्दल अफवा पिकल्या. प्रकरण पुन्हा उघडलं, डार्विन शहरात खटला चालला, कुटुंबाच्या मोटारीत बाळाचं रक्त सापडल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं आणि ऑक्टोबर 1982 मध्ये तिला जन्मठेप झाली. तेव्हा ती पुन्हा गरोदर होती. ते मूल ती कैदेत असतानाच जन्मलं.

बाळाच्या अंगात जाकीट होतं, असं ती सांगत आली होती. ते सापडलं नव्हतं, म्हणून तेही खोटं ठरलं. 1986 मध्ये त्याच खडकाशी, डिंगोंच्या वावराच्या जागी, ते जाकीट मिळालं. मोटारीतलं ‘रक्त’ म्हणजे गाडी बनवताना मारलेला आवाजरोधक फवारा होता, हेही पुढे आलं. 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली. बाळ डिंगोनेच नेलं, असं कॉरोनरने मृत्यूच्या नोंदीत लिहायला 2012 उजाडलं. शिक्षा चुकीच्या रक्तचाचणीवर झाली, हे खरं. पण त्या चाचणीवर एवढ्या लोकांचा एवढ्या चटकन विश्वास बसला तो त्या कोरड्या डोळ्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

आणि हे आपल्याला कळू नये? मयताच्या घरात आल्यागेल्याचं चहापाणी बघणारी, भटजींना सामान काढून देणारी, तेराव्यापर्यंत डोळ्यांतून टिपूस न काढणारी बाई कोणी पाहिली नाही? भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत. त्यांत अश्रू आहेत, तसाच स्तंभ आहे. माणूस गोठून जातो तो स्तंभ. आपल्या परंपरेने दोन्ही एका पंगतीला बसवले. तरी नोएडाच्या आरुषी या मुलीच्या खुनाच्या प्रकरणात 2008 साली देशभर हेच झालं. आई मुलाखतीत पुरेशी रडली का, यावर घरोघरी निकाल लागले. पुढे आईवडिलांना जन्मठेप झाली आणि 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं.

आता मोजमाप. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये तोवरचे शेकडो प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. माणसाकडे बघून, त्याचं ऐकून खरं-खोटं ओळखण्यात लोक शंभरातून सरासरी 54 वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवलं तरी पन्नास वेळा बरोबर ठरतात. तिथे पोलीस, न्यायाधीश आणि सामान्य माणूस यांच्यात म्हणण्याजोगा फरक नाही. फरक पडतो तो आत्मविश्वासात, आणि घात तिथेच होतो.

‘खोटं बोलणारा नजर चुकवतो’ हा समज तर 75 देशांत तपासला गेला आणि जवळपास सगळीकडे तोच पहिल्या नंबरावर निघाला. खोट्याशी त्याचा संबंध मात्र नगण्य. आपल्याकडे शेतमजूर मालकापुढे, सून सासऱ्यापुढे, पोर गुरुजींपुढे मान खाली घालतं. त्यात आदब असते, पुष्कळदा धाक असतो. तीच मान पोलीस ठाण्यात खाली गेली की संशय. सराईत भामटा डोळ्यांत डोळे घालून बोलतो, आणि चेहऱ्यावरची माशी हलू देत नाही. म्हणजे या कसोटीत गरीब, बुजरा, पहिल्यांदा ठाण्याची पायरी चढलेला माणूस नापास होणार आणि ठग पास होणार.

पॉल एकमन यांचं नाव या धंद्यात सगळेच घेतात, म्हणून त्यांनी प्रत्यक्षात काय म्हटलं ते सांगायला हवं. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना फोटो दाखवून भावनांची ओळख तपासली. 1978 मध्ये वॉलेस फ्रीसन यांच्यासोबत चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची सविस्तर मोजणी-पद्धत प्रसिद्ध केली. ते कष्टाचं, मोलाचं काम आहे. दाबलेली भावना सेकंदाच्या छोट्या अंशात चेहऱ्यावर चमकून जाते, हा त्यांचा गाजलेला दावा. पण त्या झलकेवरून भीती दिसली तर ती कशाची भीती, हे कळत नाही, असं खुद्द एकमननीच बजावलं. या फसगतीला त्यांनी ऑथेल्लोचं नाव दिलं. ‘झुंझारराव’ हे त्या नाटकाचं मराठी रूप पाहिलेल्या माणसाला निराळं सांगायला नको: नायकाने बायकोच्या चेहऱ्यावरची घाबरगुंडी हाच गुन्ह्याचा पुरावा मानला आणि निर्दोष बायकोचा जीव घेतला. आपल्यावर विश्वास बसणार नाही या भीतीने खरं बोलणाराही घामाघूम होतो. शिवाय 2008 मध्ये स्टीफन पोर्टर आणि लिअ‍ॅन टेन ब्रिंक यांनी खोट्या-खऱ्या भावना दाखवणारे चेहरे चित्रफितीतून बारकाईने तपासले. अशा झलका अगदी विरळ निघाल्या, आणि प्रामाणिक चेहऱ्यांवरही निघाल्या.

तरीही अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांचे हावभाव टिपणारे खास अधिकारी नेमले गेले. 2007 पासून सहा वर्षांत त्यावर सुमारे 90 कोटी डॉलर खर्च झाले. नोव्हेंबर 2013 मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी अहवाल दिला: ही पद्धत चालते याला पुरावा नाही, पैसे आवरा.

आपण त्यावरून काही शिकलो? जानेवारी 2021 मध्ये लखनौ पोलिसांनी जाहीर केलं की रस्त्यावरच्या बायकांच्या चेहऱ्यावरचा त्रास ओळखून ठाण्याला कळवणारे कॅमेरे लावणार. हेतू चांगला असेल. पण डोकं दुखत असलेली, नवऱ्याशी भांडून निघालेली, उन्हाने कपाळाला आठ्या पडलेली बाई त्या कॅमेऱ्याला कशी दिसणार? आणि हसऱ्या चेहऱ्याने छळ सोसणारी? युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली. आपल्याकडे अशी बंदी नाही. ती आली पाहिजे, आणि कुणा उमेदवाराची नोकरी त्याच्या गालाच्या हालचालीवरून जाण्याआधी आली पाहिजे.

न्यायालयाबद्दलही बोललं पाहिजे. साक्षीदाराच्या आविर्भावाबद्दल न्यायाधीशाने शेरा नोंदवावा, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 280 मध्ये होती. नव्या संहितेतही ती आली. अत्याचाराची हकीकत परक्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत सांगणारी मुलगी अडखळते, मध्येच गप्प होते, कधी घाबरून हसते. तिचा आविर्भाव कोणी कसा वाचायचा? मला तो शेरा धोक्याचा वाटतो.

मग खोटं पकडायचं कसं? विचारून. ब्रिटनमधले संशोधक आल्डर्ट व्ह्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक सोपा प्रयोग केला. काही जोड्या खरोखर हॉटेलात एकत्र जेवल्या. काहींनी जेवल्याची कथा रचली. प्रत्येकाला वेगवेगळं बसवलं. काय खाल्लं, काय बोललात, याची उत्तरं बनाव करणाऱ्यांनी घोटून ठेवली होती. मग सांगितलं, टेबल कुठे होतं, कोण कोणत्या बाजूला बसलं होतं, चित्र काढा. बनाव करणाऱ्या जोड्यांची चित्रं जुळेनात. अशा अनपेक्षित प्रश्नांवरून खऱ्या-खोट्या जोड्या 80 टक्क्यांपर्यंत ओळखता आल्या. त्यासाठी कोणाच्या भुवया बघाव्या लागल्या नाहीत, कोणावर हात उगारावा लागला नाही. लागतो तो वेळ: आधी पुरावा गोळा करायचा, तो हातात दाबून ठेवायचा, समोरच्याला मोकळेपणी बोलू द्यायचं आणि मग ताळा घ्यायचा. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत जे उपनिरीक्षक तयार होतात, त्यांच्या वेळापत्रकात या चौकशीचा रोज सराव असावा, त्यासाठी कागद, पेन्सिल आणि दोन स्वतंत्र खोल्या द्याव्यात, अशी माझी गृहखात्याकडे मागणी आहे.