एसीचे पैसे कोणी भरायचे?

“काय गो शैला, परवा रात्री रिक्षा वाजली तेव्हाच म्हटलं, आली केरळची मंडळी. केवढी रापलीस ती!”

“रापेन नाहीतर काय, काकू. हाउसबोटीच्या पुढ्यात वेताच्या खुर्चीवर नुसती पसरले होते. हातात चहासुद्धा दुसऱ्याने आणून दिलेला.”

“ते ठीक. पण मला सांग, नारळ, खाडी नि मासे बघायला एवढ्या लांब कशाला? भाट्याची खाडी काय आटली?”

“आमचे हेही तेच म्हणाले. म्हटलं, भाट्याच्या खाडीत मला आयतं कोण वाढणार आहे? तुम्ही? मग गप्प बसले.”

“गेलात कशा?”

“नेत्रावती एक्सप्रेसने. मी, सुषमा, पुष्पा नि नंदा. संध्याकाळी रत्नागिरीला बसलो, दुसऱ्या दिवशी दुपारी थेट आलेप्पी. सुषमाच्या थालीपिठांनी गोवा, कर्नाटक दोन्ही पार केलं. रात्र लॉजवर काढली, कारण बोटी दुपारी बाराला माणसं घेऊन सुटतात, त्या दिवशीच्या गेलेल्या. आणि बारा वाजता काय ती गर्दी! पुन्नमड्याला, जिथे नेहरू ट्रॉफीची शर्यत होते ना, तिथे बोटी अशा लागलेल्या की गणपतीतला आपला हायवे बरा. शेजारच्या बोटीवर कोणा कंपनीची पोरं, डीजे लावून. जाहिरातीत म्हणे निवांतपणा.”

“मग पैसे वाया?”

“नाही हो, बोट देखणी होती. केट्टुवळ्ळम म्हणतात. पूर्वी ह्यांतून भाताची पोती जायची. रस्ते झाले, ट्रक आले, होड्या काठाला कुजायला लागल्या. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, वर बांबूचं छप्पर घालून खोल्या करा नि माणसं फिरवा. फळ्यांना खिळा नाही, काकू. आंजिलीच्या फळ्या, म्हणजे आपल्या पाटफणसाच्याच जातीच्या, काथ्याने शिवलेल्या. मी वाकून टाके चाचपले. जाड, काळे, गोधडीला घालतो तसे सरळ रांगेत. वरून काजूच्या टरफलांचं तेल चोपडतात.”

“काजूचं तेल? हाताची सालं निघतात गो त्याने!”

“म्हणून तर लाकडाला कीड शिवत नाही.”

“आणि बघायला काय मिळालं?”

“लोकांची परसं. खोटं नाही सांगत. मोठा तलाव मागे टाकून कालव्याला लागलो, तर दोन्ही काठांना घरं, आणि घर नि पाणी ह्यांच्यात पाऊलभर बांध. पायरीवर एक बाई भांडी घासतेय. पुढे एक आजोबा करवंटीने होडीतलं पाणी उपसतायत. शाळेच्या गणवेशातली पोरगी सरकारी लाँचची वाट बघतेय. आणि आपण वरून फोन रोखून बसलेल्या. पुष्पा म्हणाली, हात हलवा गो, लोक प्रेमळ असतात इकडचे. आम्ही हलवला. त्या बाईने पातेलं उपडं घातलं नि आत निघून गेली. मला तर ओशाळल्यासारखं झालं. माझ्या मोरीसमोरून रोज असे प्रवासी गेले तर मी काय करीन?”

“तू दगड मारशील.”

“मारीनच. पण काकू, तुम्हाला आवडलं असतं ते भात. बांधावर उभं राहिलं की एका हाताला कालव्याचं पाणी, दुसऱ्या हाताला शेत, आणि शेत पाण्यापेक्षा खाली! बोट वरून चाललेली नि भाताचे शेंडे आपल्या पायांच्या खाली. समुद्रसपाटीच्याही खालची जमीन ती, कुठे कुठे दोन मीटरने. कुट्टनाड म्हणतात त्या मुलखाला. वेंबनाड तलावात बांध घालून, पाणी उपसून काढलेली शेतं. पेरण्याआधी पंप लावून पाणी बाहेर टाकायचं, नि पीक हाती येईस्तोवर बांधावर नजर ठेवायची.”

“आपली खारजमीन तशीच. बांध फुटला की मीठ शिरलंच. माझ्या माहेरची दोन खाचरं गेली अशी.”

“तिथेही मिठाचंच दुखणं. तण्णीरमुक्कमला हा एवढा बंधारा आहे, 1976 पासूनचा. पाऊस सरला की दारं लावतात, समुद्राचं पाणी अडतं, भात वाचतं. पण खारं पाणी येईना तशी जलपर्णी माजली. पंख्यात अडकली तेव्हा आमच्या सारंगाने इंजिन थांबवून हाताने ओढून काढली. मासे-कोळंबीचीही ये-जा तुटली. म्हणजे शेतकरी म्हणतात दारं लावा, कोळी म्हणतात उघडा.”

“मग कोणाचं ऐकतात?”

“दर साली नव्याने भांडतात.”

“आणि जेवण? ते सांग आधी.”

“करिमीन. मसाला लावून, केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला. मोठ्या कौतुकाने ताटात आला, नि पान उघडलं तर आत कोण? कालुंदर!”

“आपला कालुंदर?”

“आपलाच! तिकडे तो राज्याचा मासा आहे, काकू, मानाचा. आपल्याकडे कोळीण वाट्यात घालते तो. नेमका गुरुवार होता, म्हणून सुषमाने तांबडा भात नि खोबऱ्याची भाजी खाल्ली, आणि नजर सगळा वेळ माझ्या पानावर.”

“रात्री फिरली का बोट?”

“छे. साडेपाचला काठाला बांधून टाकली. नंदा लगेच, पैसे पुरते घेता नि बोट अर्धीच चालवता? सारंग काही बोलला नाही, नुसता हात केला समोर. छोट्या छोट्या होड्यांतून माणसं जाळी सोडत होती. रात्रीचं पाणी त्यांचं. मोठ्या बोटी फिरल्या तर जाळ्यांच्या चिंध्या होतील. मला पटलं. नंदाला नाही.”

“तिला काय पटतं?”

“त्यात एसी. तो जनरेटरवर, रात्री नऊ ते सकाळी सहा. हिला आठलाच हवा. आचाऱ्याशी हिंदीत भांडली, त्याने मलयाळममध्ये उत्तर दिलं, दोघांचं समाधान झालं. नऊला एसी लागला नि साडेनऊला पुष्पा घोरायला लागली. तुम्ही ऐकलं नाहीत ते, काकू. बाजूच्या बोटीतले दिवे लागले. नंदा तणतणत उशी घेऊन बाहेर पुढ्यात जाऊन झोपली.”

“डास?”

“सकाळी एक डोळा उघडत नव्हता. पण ऐका, पहाटे तिने बदकं पाहिली. सगळा कालवा भरून बदकं, नि मागून होडीत उभा राहून एकच माणूस लांब काठीने हाकतोय. एक बदक ओळ सोडत नाही म्हणे. आम्ही आत एसीत घोरत होतो, आम्हाला कोणालाच दिसली नाहीत. नंदाने तेव्हापासून दहादा सांगितलंय, दर वेळी बदकं वाढतात.”

“मग खूश असेल.”

“खूश? काल हिशेब केला तर म्हणते, मी एसीत झोपलेच नाही, माझ्या वाट्यातून एसीचे वजा करा. सुषमा म्हणते, मग मीही कालुंदर खाल्ला नाही. पुष्पा रुसून फोन उचलत नाही. आता तुम्हीच सांगा, काकू, काय करू?”

“करायचं काय त्यात? नंदाचे एसीचे वजा कर नि बदकांचे लाव.”