घाटावरचे सरखेल

ज्या मुलुखातून समुद्र पाहावयाचा झाल्यास प्रथम सह्याद्रीचा एखादा घाट उतरून जावे लागते, त्या सातारा-सांगलीकडे सेवानिवृत्त गृहस्थांच्या अंगात दर्यावर्दी वृत्तीचे उधाण का यावे, हे मला अद्याप उलगडलेले नाही. परंतु दर पेठेत असा एखादा सरखेल असतोच, त्याच्या खुंटीला दुर्बीण लटकत असते आणि पोहता येते काय, या प्रश्नाला त्याने आजवर सरळ जबाब दिलेला नसतो.

माझ्या परिचयाचे सरखेल पाटबंधारे खात्यात अव्वल कारकून होते. साताऱ्याचा आणि आरमाराचा संबंध काय, असे कोणी पुसल्यास, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत आंगऱ्यांना सरखेलीची वस्त्रे साताऱ्याच्या दरबारातूनच मिळत, हा दाखला ते तत्काळ रुजू करीत. स्वतःचा अनुभव म्हणाल तर बामणोली ते तापोळा अशा शिवसागरावरील लाँचच्या फेऱ्या, एवढाच. पण कोयनेचे 67.5 टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेकडे वळविले जाते, ते पुढे वाशिष्ठीतून समुद्रालाच मिळते, आणि त्या पाण्याच्या नोंदी वर्षानुवर्षे आपल्या हातून गेलेल्या आहेत, सबब अरबी समुद्राच्या साठ्यात आपल्या खात्याचा हिस्सा आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. समुद्राला दरवाजे बसवावयाचे राहून गेले, एवढीच त्यांची त्याबाबत तक्रार.

गेल्या माघात सांगलीचे त्यांचे व्याही आणि मी, असे दोघे त्यांच्या आरमारात भरती झालो. फोंडा घाट उतरून आम्ही मालवणजवळच्या देवबागेस पोहोचलो. माणशी पैसे देऊन चारचौघांबरोबर बसणे हे पदाला शोभत नाही म्हणून सरखेलांनी सबंध होडी ठरविली, आणि नाळेवर पाय रोवून तांडेलाची उलटतपासणी आरंभिली. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिराने येते, हे ऐकून त्यांचा चेहरा कठोर झाला. “रोज पन्नास मिनिटं? आणि कोणी विचारत नाही?” तांडेलाने विडी पेटविली.

कर्लीचे मुख ओलांडताना लाटांनी होडी अशी काही उचलून आपटली की सरखेल नाळेवरून तळाशी आले आणि बराच वेळ तेथूनच त्यांनी मोहिमेचे नेतृत्व केले. पुढे भोगव्याची पुळण मागे पडून निवतीच्या बाजूचे कातळ दिसू लागले: कडा सरळ पाण्यात उतरलेला, त्याच्या पायथ्याच्या कपारींत लाट शिरली की आत ढोल वाजल्यासारखा घुमारा उठे, आणि वर मोठ्या पंखांचा एक पांढरा-राखी पक्षी पायांत वळवळते काहीतरी घेऊन संथपणे तरंगत होता. “घार,” सरखेल म्हणाले. “काकण,” तांडेल म्हणाला, “पायात समुद्रसाप आसा.” सरखेलांनी वहीत ‘घार (मोठी)’ असे लिहिले.

डॉल्फिन मात्र हजर होईनात. नदीच्या मुखाजवळ मासळी मुबलक असल्याने हे प्राणी तेथेच फिरकतात, असे वाचून आलेल्या सरखेलांनी दहा वाजल्यापासून त्यांची गैरहजेरी मांडावयास सुरुवात केली. “साहेबानू, गादे काय तुमचे शिपाय नाय,” तांडेल म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केले.

त्या शांततेत अगदी जवळ फूस्स असा एक दीर्घ उच्छ्वास ऐकू आला. जनावर मासा नव्हे, त्याला आपल्यासारखाच श्वास घ्यावा लागतो, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि तो श्वास आपल्या कोपराजवळ ऐकणे निराळे. ओल्या पाटीसारखी राखी पाठ, तिच्यावरचा उंचवटा, त्यावरचे आखूड कल्ल्यासारखे पर, हे सारे क्षणभर वर आले आणि पाण्यावर सुरकुतीही न पाडता गेले. सरखेलांची लेखणी हातातच राहिली. मी त्यांना वीस वर्षे ओळखतो. ते इतका वेळ गप्प बसल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

मग मात्र पाठी मोजणे सुरू झाले. सात. पंचनाम्यावर पंच म्हणून सही करण्यास व्याह्यांना फर्माविले, तोच तांडेल बोलला, “दोनच आसत, तेच तेच वर येतत.”

“व्याहीबुवा, सही करा.”

“दोनावर करतो,” व्याही म्हणाले. “आमच्या कृष्णेत एवढी नाटकं नाहीत. मगर एकदा बाहेर आली की दुपारपर्यंत वाळूत पडते. सावकाश मोजा.”

परतीच्या वाटेवर, राधानगरीपर्यंत, दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

पंधरवड्याने व्याह्यांनी आम्हांस भिलवडीच्या घाटावर नेले. सकाळचे ऊन पडले होते, आणि पैलतीरी, औदुंबरच्या बाजूस, चिखलावर लांबलचक असे काही पडलेले होते. व्याह्यांनी नुसते बोट दाखविले. सरखेलांनी दुर्बीण लावली, काचा पुसल्या, पुन्हा लावली.

“ओंडका,” ते म्हणाले.

थोड्या वेळाने ओंडक्याने जबडा उघडला, तसाच उघडा ठेवून ऊन खाल्ले, आणि पलीकडच्या काठावर एक म्हैस येताच शेपटी हलवून पाण्यात सरकला. व्याह्यांनी सरखेलांकडे पाहिले. सरखेलांनी वही काढून तारीख घातली, मौजे भिलवडी असे लिहिले, आणि खाली नोंद केली: ‘ओंडका, नग एक. वाहून गेला.’