परीक्षा रद्द, टक्के कायम

महामारीने खान्देशातली लग्नं पन्नास माणसांत उरकायला लावली, बैलबाजार बंद पाडले, पोळ्याचे बैल गोठ्यातच सजवले आणि दहावीची परीक्षाही रद्द करून दाखवली. हात लावता आला नाही तो फक्त टक्क्यांना. २०२१ साली राज्यात दहावीचा एकही पेपर झाला नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. कोकण विभागाने तर शंभरच गाठले. जळगाव-धुळे ज्याच्या पदराला बांधलेले आहेत तो आमचा नाशिक विभाग ९९.९६वर अडकला. न झालेल्या परीक्षेत नापास होणाऱ्या त्या मोजक्या पोरांबद्दल मला तेव्हापासून आदर वाटत आलेला आहे. परीक्षा देऊन नापास होणं कुणालाही जमतं.

आता हे टक्के आले कुठून, ते पाहू. सूत्र असं होतं: पन्नास गुण नववीच्या निकालावरून, तीस दहावीच्या वर्षभरातल्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणि वीस तोंडी-प्रात्यक्षिकाचे. कागदावर चोख. पण या पोरांची नववी म्हणजे २०१९-२०चं वर्ष. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाच सरकारने रद्द केली होती. म्हणजे न झालेल्या परीक्षेचा निकाल, त्याआधीच्या न झालेल्या परीक्षेच्या निकालावरून लावायचा. हे बीजगणित बोर्डाच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

राहिले तीस आणि वीस. त्यासाठी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची निकाल समिती बसली. रावेरकडच्या एका गुरुजींनी मला त्या दिवसांची कथा ऐकवली. वर्गातली निम्मी पोरं त्यांनी वर्षभर पाहिलेलीच नव्हती. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप केळीच्या बागेत. गुरुजींनी शेवटी फोन लावला आणि विचारलं, "भाऊ, पोराचं काय?" पलीकडे ट्रक भरण्याची घाई. बापाला वाटलं व्यापारी बोलतोय. तो म्हणाला, "कच्चाच आहे अजून, पण गाडीत पिकेल!" गुरुजींनी तीसपैकी चोवीस दिले. मला विचाराल तर त्या वर्षी महाराष्ट्रात याहून नेमकं मूल्यमापन कुणी केलं नसेल.

तिकडे इंग्लंडने २०२० मध्ये याच कामाला अल्गोरिदम जुंपला होता. मास्तरांनी दिलेल्या श्रेणींवर तिथल्या सरकारचा विश्वास नव्हता, म्हणून यंत्राने शाळेचा जुना इतिहास बघून सुमारे ४० टक्के श्रेणी खाली ओढल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला, पोरं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारने शेपूट घालून मास्तरांच्याच श्रेणी मान्य केल्या. आपण हा मधला चार दिवसांचा खर्च वाचवला. आपला अल्गोरिदम म्हणजे मुख्याध्यापक आणि सहा मास्तर, आणि तो कुणालाही खाली ओढत नाही, कारण त्याला संध्याकाळी त्याच गावातून घरी जायचं असतं.

कुणी म्हणेल, परीक्षा रद्द करायला नको होती. मी म्हणणार नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये माणसं ऑक्सिजनच्या खाटेसाठी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत होती. तेव्हा पंधरा लाखांहून अधिक पोरांना बाकांवर बसवायचं हे वेडेपण झालं असतं. तेव्हाच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाडांनी परीक्षा रद्द केली ते योग्यच केलं. माझं विचारणं इतकंच आहे की मग टक्के कशाला? 'उत्तीर्ण' एवढा एक शब्द लिहून गुणपत्रक देता आलं असतं. पण त्याने पेढेवाले, पाहुणे आणि मामा यांचं समाधान होत नाही. मामा फोनवर 'पास झाला का' विचारत नाही, 'कितला टक्का पडनात' विचारतो.

म्हणूनच १६ जुलैला दुपारी, ज्याचं उत्तर राज्यातल्या प्रत्येक घराला आधीच ठाऊक होतं, तो निकाल बघायला अशी झुंबड उडाली की संकेतस्थळ कोसळलं आणि कित्येक तास उठलंच नाही. कुठल्याही बाकावर न चिकटलेला बैठक क्रमांक हातात घेऊन पोरं दिवे लागेपर्यंत बसून होती. आमच्या गल्लीतल्या एका आजीने तेवढ्यात चिकित्सा केली: "पास ते समदा व्हयनात, पन नापास कोन व्हयना?" तिला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

त्या वर्षी खरं नुकसान झालं ते एका कुटिरोद्योगाचं. शाळेच्या कंपाउंडवर चढून खिडकीतून चिठ्ठ्या पोचवणारे भाऊ, चुलतभाऊ आणि भावी सरपंच यांचा हंगाम बुडाला. त्यांना पकडायला निघणारी भरारी पथकंही जागेवर बसली. दोन्ही बाजूंना एकाच वेळी बेकार करणारं संकट यापूर्वी आलं नव्हतं, पण कुठल्याही पॅकेजमध्ये दोघांचाही उल्लेख नाही.

सरकारलाही शंका होती की हे टक्के खरे की खोटे. उपाय काय काढला? परीक्षा! ज्या पोरांची परीक्षा साथीमुळे घेता येत नव्हती, त्यांचीच अकरावीसाठी सीईटी घ्यायची ठरली. शंभर गुण, दोन तास, केंद्रावर जाऊन, २१ ऑगस्ट २०२१ला. वर ती ऐच्छिक. फक्त जो देईल त्याला प्रवेशात आधी रांग. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. धुळ्या-जळगावात तर तेव्हा अकरावीचा प्रवेश कॉलेजच्या खिडकीवर अर्ज देऊन व्हायचा. ऑनलाइन फेऱ्यांची चैन मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि अमरावतीला होती. बुडाली ती फक्त सीईटीचे क्रॅश कोर्स उघडून बसलेल्यांची अकरा दिवसांची कमाई.

आदल्या वर्षीच्या बॅचचं भाग्य निराळं. २०२०चा भूगोलाचा चाळीस गुणांचा पेपर शेवटचा होता, तोच टाळेबंदीत सापडला. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने मिळाले. तापी कुठल्या दिशेला वाहते हे त्या वर्षी हिंदी, इंग्रजी आणि गणितावरून ठरलं.

विद्यापीठांचं काय विचारता! राज्य सरकार म्हणे शेवटच्या वर्षाची परीक्षा नको, यूजीसी म्हणे हवीच, आणि २८ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षेशिवाय पदवी नाही. मग ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्न आले, तेही घरबसल्या. पेपर सोडवणारा एक, उत्तरं शोधायला सगळं घर. सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या पोरांना मात्र आधी रेंज शोधत टेकडी चढावी लागली, त्या चढाचे गुण कुठल्याही रकान्यात धरले गेले नाहीत. आमच्या जळगावच्या विद्यापीठाला नाव बहिणाबाईंचं आहे, ज्यांनी शाळेची पायरीही चढली नव्हती. त्यामुळे परीक्षा न देता मोठं होता येतं याचा पुरावा प्रवेशद्वारावरच होता. फक्त यूजीसीने तो ग्राह्य धरला नाही.

प्रामाणिकपणा दाखवला तो कृषी पदवीच्या काही गुणपत्रिकांनी. त्यांच्यावर 'प्रमोटेड कोविड-१९' असं छापून आलं आणि ओरड झाल्यावर तेव्हाचे कृषिमंत्री दादा भुसे यांना मध्ये पडावं लागलं. मला विचाराल तर ते छापलेलंच ठेवायला हवं होतं. आपल्याला कुणी वर ढकललं हे गुणपत्रकावर लिहिण्याची पद्धत सुरू झाली असती, तर पुढे पुढाऱ्यांनाही लागू करता आली असती.

पण सगळा दोष विषाणूच्या माथी मारू नका. २०१९ साली दहावीचा निकाल ७७.१० टक्के होता, कारण त्या वर्षी भाषांचे तोंडी गुण काढून टाकले होते. पुढल्या वर्षी गुण परत दिले आणि निकाल ९५.३० झाला. पोरं बारा महिन्यांत एवढी हुशार झाली नव्हती, आणि भूगोल सोडला तर सगळे पेपर टाळेबंदीच्या आधीच उरकले होते. नळ कुठून सोडायचा हे आपल्याला आधीपासून येत होतं. २०२१ मध्ये तोटी काढून ठेवली, इतकंच.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले, त्यात आम्हीही आलो. राज्यात जागा वीस लाखांच्या वर, अर्ज करणारे त्याहून कितीतरी लाखांनी कमी, तरी गुणवत्ता यादी लागते, कटऑफ लागतो, फेऱ्या होतात आणि बाप रात्री बारापर्यंत मोबाइलवर बोट घासत बसतो. २०२१ची बॅच एव्हाना नोकरीच्या अर्जांपर्यंत पोचली आहे. मुलाखतीत त्यांना वर्ष विचारतात, वर्ष ऐकलं की समोरचा गालात हसतो. धुळ्यात एका क्लासच्या फ्लेक्सवर मात्र ते वर्ष अजून सोनेरी अक्षरांत झळकतं: 'दहावी २०२१, निकाल १०० टक्के. प्रवेश मर्यादित. टेस्ट सिरीजचे पैसे वेगळे.'