वैशाखातील वराहमृगया

रानडुकराची शिकार म्हणजे माणसाने डुकराला दमवणे, असा सर्वसाधारण समज असला, तरी श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वराच्या परिसरात, ऐन वैशाखात या उद्योगाचा विचार केला असता, दमणारा पक्ष कोणता याविषयी शंका उरत नाही.

पारध, म्हणजे गावाने मिळून केलेली शिकार, कोकणात तिघांवर उभी असे : आरडाओरडा करून रान उठवणारे हाकारे, जनावराच्या वाटेवर दबा धरून बसणारे बंदूकवाले आणि या सर्वांना जागा नेमून देणारा वाटाड्या. यांपैकी वाटाड्याचे पद सर्वांत सुरक्षित मानावे लागते. कारण डुक्कर त्याने सांगितलेल्या वाटेने आले तर ते त्याचे ज्ञान ठरते आणि न आले तर तो कोणाच्या तरी खोकल्याचा दोष ठरतो.

उन्हाळ्याच्या बाबतीत मात्र निसर्गाने उघड पक्षपात केलेला आहे. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. ही उणीव ते चिखलात लोळून भरून काढते, दुपार दाट जाळीत झोपून घालवते आणि रात्री सुरण, रताळी किंवा भात यांच्या पाहणीस निघते. माणसाला घाम भरपूर येतो. परंतु समुद्रकाठच्या दमट हवेत तो वाळत नसल्याने अंग थंड करण्याचे मूळ कार्य बाजूला राहून त्याचा केवळ वास पसरतो आणि डुकराचे नाक अत्यंत तीक्ष्ण असल्याने या घामाचा खरा उपयोग त्यालाच होतो.

इंग्रज अधिकाऱ्यांनी हाच खेळ मैदानी मुलखात घोड्यावर बसून भाल्याने खेळला आणि पहिले रक्त काढणाऱ्यास मान देण्याचा नियम केला. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी तर १८८९ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. जांभ्याचा सडा आणि करवंदीच्या जाळ्या पाहता कोकणातील घोड्यांनी या ग्रंथाची दखल घेतली नाही, हे त्यांच्या शहाणपणाचे लक्षण होय.

आजची शिकार मुख्यतः कागदावर होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे. उभ्या पिकाची नासधूस होत असल्यास कलम ११ नुसार अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने त्याला मारता येते, परंतु कलम ३९ नुसार मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे होते. परिणामी पूर्वी हाकाऱ्यापासून कुत्र्यापर्यंत ज्याला त्याला मिळणारा मांसाचा वाटा इतिहासजमा झाला असून शेतकऱ्याच्या वाट्याला अर्ज, ऊन आणि पुण्य एवढेच उरते.

त्यातही लोकशाहीचा मोठा उत्सव बहुधा उन्हाळ्यातच येतो. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची शस्त्रे सामान्यतः पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात आणि पीक संरक्षणासाठी परवाना काढलेली बंदूकही त्या आदेशात सापडू शकते. २०२४ मध्ये रायगड लोकसभा मतदारसंघात ७ मे रोजी मतदान झाले. तथापि आचारसंहिता ही उमेदवार व पक्ष यांनी पाळावयाची नियमावली असल्याने रानडुकरांवर तिचे कोणतेही बंधन नव्हते.

धर्मशास्त्राचा आधार शोधावा, तर तोही अडचणीचा आहे. हरी आणि हर ज्या क्षेत्री एकत्र पूजिले जातात, तेथे शिकारीपूर्वी ज्या हरीला नारळ ठेवावयाचा, त्याचाच तिसरा अवतार वराह आहे.

तात्पर्य, मे महिन्यात हरिहरेश्वरी येणाऱ्याने ओहोटीची वेळ विचारून प्रदक्षिणा करावी, दुपारी सावलीत पडून राहावे आणि ऊन कलल्यावरच जेवणाच्या शोधात बाहेर पडावे. रानडुक्कर हेच करते आणि त्याला अद्याप वाटाड्याची गरज भासलेली नाही.