गणित दखा!

चाळीसगाव स्टेशनबाहेरच्या टपरीवर आप्पा भेटले की फुटबॉलचा विषय काढायचा नसतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी नवखा काढतोच. मग आप्पांच्या खिशातून लग्नपत्रिका निघते. मागच्या कोऱ्या बाजूवर आय-लीगचा जुना गुणतक्ता, आणि तळाशी महाराष्ट्रातला आपला संघ.

‘आजून निम्मा हंगाम बाकी शे, भाऊ. गणित दखा!’

गणित असं. उरलेले 10 सामने जिंकायचे, म्हणजे 30 गुण. वरच्या संघाने 4 हरायचे. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांनी एकमेकांचे गुण खायचे, आणि जानेवारीत गोव्यात अवकाळी पाऊस पडायचा. चहा गार होतो, ऐकणाऱ्याची पॅसेंजर धुळ्याकडे निघून जाते, पण आप्पा तिसऱ्या क्रमांकावर पोचलेले असतात.

गावाच्या जवळच पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा 1207 च्या सुमाराचा शिलालेख आहे. आप्पांच्या मते ही परंपरा अजून सुरू आहे; फक्त दगडाऐवजी पत्रिका आली.

आणि चिडायची गोष्ट ही, की त्यांचं गणित कधीकधी बरोबर येतं. 2014-15 मध्ये पुण्याचा भारत एफसी हा नवा संघ अकरांत अकरावा आला. आप्पा म्हणत होते, टीम खालच्या लीगमध्ये जाणार नाही. गाव हसलं. पण पैसे भरून थेट प्रवेश घेतलेल्या संघाला त्या हंगामात घसरणीतून सूट होती, म्हणून खाली गेला दहावा, आणि तो होता पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला गोव्याचा डेम्पो! पुढच्याच वर्षी तोच प्रकार. पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स शेवटचा, सूट त्यालाच, घसरण वरच्या ऐझॉलची. ऐझॉलला मागाहून परत घेतलं, आणि 2016-17 मध्ये तो थेट विजेता झाला. आप्पांनी ती पत्रिका प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहे. तिच्यातल्या नवरदेवाची मुलं आता शाळेत जातात.

पण आप्पांचा हात लागला की संघच उरत नाही, असंही गावात म्हणतात. महिंद्रा युनायटेड 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकून 2010 मध्ये बंद. पुणे एफसी 2012-13 मध्ये उपविजेता, दोन वर्षांनी गाशा गुंडाळला. वाचलेला भारत एफसी एका हंगामात संपला. मुंबई एफसीने 2016-17 मध्ये सुरुवातीलाच सामने जिंकले तेव्हा आप्पांनी महाराष्ट्र एक्सप्रेसने पुणे आणि रात्रीच्या गाडीने कुलाब्याचं कूपरेज मैदान, दोन्हींचे बेत आखले. त्यानंतर विजय म्हणून मिळाला नाही. संघ तळाला गेला, घसरला, मिटला. त्याच वर्षी डीएसकेही.

गुणतक्त्यात एक रकाना कधीच नसतो: मालकाला कंटाळा कधी येईल. एवढे संघ बंद पडले ते गोल खाऊन नव्हे. मैदानावर वाचलेला संघ कंपनीच्या बैठकीत हरतो, आणि आप्पांच्या पत्रिकेत त्या बैठकीला जागा नाही.

कुणी तरी विचारलं, मग मुंबई सिटीला का नाही मानत? तो संघ दोनदा इंडियन सुपर लीगची (आयएसएल) शील्ड जिंकला आहे. आप्पा दुखावले. ‘त्येले माझी काय गरज?’

या गावाला वाट पाहणारा माणूस नवा नाही. छायाचित्रकार केकी मूस रोज पंजाब मेलच्या वेळी कुणाची तरी वाट पाहत, असं इथे सांगतात. आप्पांची गोष्ट इतकी तलम नाही. त्यांचा आवाज मोठा, आणि उधारी जास्त. तरी ज्या संघाचे खेळाडूही दुसरीकडे नोकरीला लागले, त्याचा गोलफरक अजून तोंडपाठ असलेला माणूस टपरीवर नसला, की चहावाला दोनदा रस्त्याकडे बघतो.

2019 मध्ये एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादने घेतली. आप्पांनी हैदराबाद दत्तक घेतलं: ‘मूळ आपलंच.’ मार्च 2022 मध्ये हैदराबादने केरळला पेनल्टीत हरवून आयएसएल जिंकली तेव्हा त्यांनी पेढे वाटले, तेही रोखीने आणलेले. 2025 मध्ये तो संघही उठून दिल्लीला गेला.

आप्पांनी नवी पत्रिका काढली आहे. दिल्लीच्या नावासमोर कंसात बारीक अक्षरात लिहिलं आहे: पुणे.