गवंडी असूनही गवंडी कसे व्हावे

(नवशिक्यांसाठी, म्हणजे ज्यांना या धंद्यात पंचवीस-तीस वर्षे झाली आहेत त्यांच्यासाठी)

आपण आजवर बांधलेल्या भिंती उभ्या आहेत, हे चांगलेच आहे. पण ते कागदावर नाही, म्हणून सरकारदरबारी आपण तूर्त अकुशल आहात. घाबरू नये, सोबत पुष्कळ आहे. २०१५च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणातला हिशेब असा : रीतसर प्रशिक्षण घेतलेले कामगार दक्षिण कोरियात ९६ टक्के, जर्मनीत ७५ टक्के आणि भारतात ४.६९ टक्के. मग देशातले जिने, टाक्या आणि धोरण लिहिणाऱ्यांची घरे बांधली कोणी, हा प्रश्न या पुस्तिकेच्या कक्षेत येत नाही.

सुरुवातीला आपली पातळी जाणून घ्यावी. डिसेंबर २०१३मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला तेव्हा पातळ्या दहा होत्या. २०२३च्या सुधारणेत त्या आठ झाल्या, पण मधे साडेतीन, साडेचार अशाही निघाल्या. जिन्यात अशी अर्धी पायरी काढली तर मालक ती त्याच दिवशी तोडायला लावतो. हे मुलाखतीत बोलून दाखवू नये.

आपल्यासारख्यांसाठी वेगळी वाट आहे, तिला आरपीएल म्हणतात. आधीच येत असलेल्या कामाला मान्यता देण्याची ही सोय. कल्पना खरोखर चांगली आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या फेरीत, म्हणजे २०१६ ते २०२०मध्ये, यासाठी बारा तासांची उजळणी होती : सहा तास आपलाच धंदा, चार तास सॉफ्ट स्किल्स आणि उद्योजकता, दोन तास परीक्षा कशी द्यायची ते. उत्तीर्ण झाल्यावर ५०० रुपये. बारा तास म्हणजे दीड दिवसाचा खाडा. त्या दीड दिवसाचा गवंड्याचा रोज आणि ५०० रुपये यांची वजाबाकी घरी जाऊन करावी, वर्गात नको.

परीक्षेच्या दिवशी ओळंबा, गुण्या, लाईनदोरी बरोबर ठेवावी. समोर बसलेला परीक्षक टॅबवर प्रश्न विचारेल. वीट पक्की भाजली आहे हे कशावरून ओळखाल? आपण वीट उचलून करणीच्या दांड्याने हलकेच ठोकता. खणखणली तर घेता, बद्द वाजली तर बाजूला टाकता. आपले उत्तर ‘कान’ असे असेल. पर्याय अ, ब, क, ड यांतूनच निवडावे.

अर्जात बँक खात्याचा क्रमांक लागतो. पासबुक सापडत नसल्यास खचून जाऊ नये. याच योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२५मध्ये संसदेत आला. तपासलेल्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक नोंदींत खात्याचा रकाना कोरा, शून्य किंवा तत्सम होता. काही ठिकाणी नुसता एक आकडा ओळीने छापलेला. फोटोही एकच अनेकांना पुरला होता. तेव्हा भिंत ओळंब्यात असली पाहिजे, पण नोंद ओळंब्यात असावी अशी सक्ती दिसत नाही.

प्रमाणपत्र मिळाले की ते घेऊन नाक्यावर उभे राहावे. मुकादम विचारेल, “दिवसाला प्लास्टर किती ब्रास काढतोस?” कागद पुढे केल्यास तो तसाच परत करेल. यात मुकादमाचा दोष नाही. पातळी चढली म्हणून रोज चढेल, असे आराखड्यात कुठेच बांधून दिलेले नाही, मग त्याने तरी कागद का वाचावा? सौदीचा व्हिसा हवा असलेल्या प्लंबरला किंवा वेल्डरला विचारून पाहा. तिथे कौशल्य-चाचणी पास झाल्याशिवाय व्हिसाच पुढे सरकत नाही, म्हणून तो कागद तो जिवापाड जपतो. जर्मनीत गवंडीकामाची उमेदवारी तीन वर्षांची. त्या काळात मालक पगार देतो आणि परीक्षा घेणाऱ्यांतही धंद्यातली माणसे असतात. जो कागद वाचणार, त्याचाच हात तो लिहिण्यात असतो. आपल्याकडे प्रशिक्षण देणारा एक, तपासणारा दुसरा, पैसे सरकारचे, आणि कामावर घेणारा मुकादम या साखळीत कुठेच नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा तिकडे जायचे असेल तर भाषेचीही परीक्षा द्यायची तयारी ठेवावी.

जाता जाता एक. आपल्या हाताखालचा बिगारी. तो आला तेव्हा त्याला नीट माल कालवता येत नव्हता. आज तो कोपरा एकट्याने उचलतो. हे सगळे आपण शिकवलेत, बहुधा शिव्या देत. परंतु आपल्याकडे प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र नसल्याने तो शिकला असे धरता येत नाही. त्यासाठी वेगळा कोर्स आहे. अर्ज वेगळा, खिडकीही वेगळी.