खोगीर उतरल्यानंतरचे अश्वप्रेम

महाराष्ट्रात अश्वप्रेमाचे जे प्रकार आढळतात, त्यांतील बहुतेक प्रेम घोड्यावर नसून घोड्यावर बसण्यावर असते, हे मान्य केल्याशिवाय या विषयाचा विचार पुढे सरकत नाही. नवरदेवाला घोडी प्रिय असते ती मांडवाच्या दारापर्यंत; चौकातील अश्वारूढ पुतळ्यासमोर ऊर भरून येतो तो स्वाराकडे पाहून; आणि काशीदच्या वाळूत एक फेरी मारून आलेला पर्यटक छायाचित्र पाहताना आपली मांड कशी बसली आहे तेवढेच न्याहाळतो. ज्याची पाठ बसण्याजोगी उरलेली नाही अशा घोड्याबद्दल काय वाटते, हीच या प्रेमाची कसोटी असून, सुटका केलेले घोडे दत्तक घेण्याचा प्रश्न नेमका तेथे उभा राहतो.

रायगड जिल्ह्याला घोडा नवा नाही. माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना मज्जाव असल्याने माणसे आणि सामान वाहण्याचा भार पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांवर पडत आला आहे, तर अलिबागला ओहोटी लागली की घोडागाड्या पर्यटकांना कुलाबा किल्ल्यापर्यंत नेतात. पलीकडच्या मुंबईत व्हिक्टोरिया, म्हणजे शेवटी केवळ मौजेच्या फेरीपुरत्या उरलेल्या बग्ग्या, उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. २०२१ मध्ये त्याच घाटाच्या गाड्या विजेवर चालणाऱ्या होऊन परतल्या, घोडे मात्र परतले नाहीत. आणि त्यात घोड्यांचे काही बिघडले असे म्हणता येत नाही. अडचण एवढीच की गाडी निवृत्त झाली तर तिला संग्रहालयात ठेवता येते, पण निवृत्त घोड्याची भूक निवृत्त होत नाही, आणि पंचवीस-तीस वर्षे जगणाऱ्या या प्राण्याचा उत्तरार्ध कोणाच्या तरी दारात जावाच लागतो.

कायदा त्याच्या बाजूने आहे, परंतु बेताने. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात पहिल्या गुन्ह्यासाठी किमान १० आणि कमाल ५० रुपये दंड सांगितला असून, एवढ्या रकमेत पेणच्या बाजारात पोह्याच्या पापडांचा एक पुडा येणेही कठीण आहे. त्याच अधिनियमाखालील १९६५ चे नियम मात्र उदार आहेत: ओझे वाहणाऱ्या जनावराला दिवसात एकूण नऊ तासांहून आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक राबवता येत नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला असता दुपारी बारा ते तीन या वेळात तर मुळीच नाही. पेणहून नोकरीसाठी रोज मुंबई गाठणाऱ्या माणसाला हे नियम वाचून घोड्याचा हेवा वाटल्यास तो क्षम्य मानावा. नियम मोडून राबवताना पकडलेले जनावर पांजरपोळात, म्हणजे थकलेली व सोडवलेली जनावरे सांभाळणाऱ्या धर्मादाय संस्थेत, पाठवले जाते, आणि पांजरपोळांची जागा काही अमर्याद नसते.

पेण आणि रोहे या पट्ट्यात मुंबईकरांनी बांधलेली शेतघरे पाहता जागेचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पेणच्या कारखान्यांत ज्या देवाच्या मूर्ती घडतात त्याचे वाहन उंदीर असल्यामुळे गावाचा वाहनविषयक अनुभव तबेल्याच्या खर्चापर्यंत कधी पोहोचलेला नसला, तरी रोहे हे चिंतामणराव देशमुखांच्या घराण्याचे गाव आहे, आणि घोडा पाळणाऱ्यास रिझर्व्ह बँकेच्या त्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांची काटकसर उपयोगी पडण्यासारखी आहे. साडेतीनशे किलो वजनाचा घोडा वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे रोज सात किलो सुका चारा खातो. वर्षाचे अडीच टन झाले. भाताचा पेंढा दारात फुकट पडलेला असतो म्हणून केवळ त्यावर ठेवल्यास तो झिजतो, आणि काही भलते खाल्ले तर त्याला ओकता येत नाही, निसर्गाने ती सोयच ठेवलेली नाही. शेतघराच्या कुंपणाला शोभेसाठी लावलेली कण्हेर त्याला विषारी असते. थोडक्यात, घोडा यायचा तर कण्हेर जायला हवी, आणि गृहस्वामिनीचा पहिला आक्षेप बहुधा येथेच येतो.

त्यानंतर पाऊस. सुमारे ३,००० मिलिमीटर पावसाच्या या प्रदेशात घोडा चिखलात उभा राहिला की तळखुराच्या मधला मऊ त्रिकोणी भाग सडू लागतो. खूर उचलून आकडीने साफ करताना काळा, कुजका चिकटा निघतो आणि त्याच्या वासाने अश्वप्रेमाचे पहिले पर्व संपते. खुरे सहा ते आठ आठवड्यांनी कापावी लागतात, मग नाल ठोकायची असो वा नसो, आणि नालबंद मिळणे हे स्थळ मिळण्यापेक्षा सोपे नाही. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत हा संकेतही येथे उलटा करावा लागतो: सोडवलेल्या घोड्याचे दात आधी पाहावेत, कारण दाढांच्या वाढलेल्या धारा कानशीने घासल्या नाहीत तर तो अर्धवट चावलेला घास टाकत राहतो आणि भरल्या गव्हाणीपुढे वाळत जातो. शिवाय घोडा कळपात राहणारा प्राणी असल्याने एकट्याने झुरतो, म्हणून सोबतीला निदान एखादी शेळी किंवा गाढव आणावे लागते. एक तोंड वाचवायला गेलेल्याच्या पदरात दोन तोंडे पडतात ती अशी.

एवढे करून मिळते काय, असा व्यवहारी प्रश्न विचारला जातो. लीद मिळते, आणि ती कुजवून भातानंतरच्या वालाला घातली तर पोपटीच्या, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजण्याच्या, हंगामात तिचे चीज होते. त्याहून महत्त्वाचे असे की घोड्याची किंमत ठरवणारी सारी शास्त्रे येथे निरुपयोगी होतात. सारंगखेड्याच्या यात्रेतील घोडेबाजारात अंगावरचे भोवरे, म्हणजे केसांची शुभाशुभ मानलेली वळणे, पाहून भाव चढतो-उतरतो. दत्तक घोड्याचा अशुभ भोवरा मात्र कोणाचेही नुकसान करत नाही, कारण त्याच्याकडून लाभाची अपेक्षाच नसते. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर अशी विभागणी होती. घोडा स्वतःचा, खर्च स्वतःचा आणि बसणे मात्र वर्ज्य, अशा तिसऱ्या इसमाची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. तो आधुनिक काळातच निपजला, आणि घोड्याच्या दृष्टीने पाहिल्यास तिघांत तोच श्रेष्ठ ठरतो.

ज्यांना अशी हौस परवडेल त्यांनी घोडा आणण्यापूर्वी पशुवैद्य आणि नालबंद पक्के करावेत. मारकुट्या मालकाला पैसे मोजून जनावर सोडवू नये, कारण त्याच पैशांत तो दुसरे आणतो; रीतसर संस्थेकडूनच घ्यावे. ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांनी एखाद्या पांजरपोळातील घोड्याच्या चाऱ्याचा भार उचलावा, आणि तेही न जमल्यास किनाऱ्यावर लंगडणारा घोडा समोर आला असता त्याच्यावर बसण्यास नकार द्यावा. नकाराला ना तबेला लागतो, ना पेंढा, ना गृहस्वामिनीची परवानगी.